पहिली तपासणी त्याची

लग्नाला दीड-दोन वर्षं झाली, गोड बातमी नाही, की घरोघरी एकच क्रम सुरू होतो. सुनेला घेऊन सासू दवाखान्यात जाते. पाटीवर लिहिलेलं असतं, स्त्रीरोग व वंध्यत्व. केस पेपर सुनेच्या नावाने निघतो. पाळी वेळेवर येते का, पोटात दुखतं का, वजन कधीपासून वाढलं, आधी गोळ्या घेतल्या होत्या का, सगळे प्रश्न तिलाच. मग रक्त: थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच. मग आतून सोनोग्राफी, तीही एकदा नाही; बीज किती वाढलं, फुटलं की नाही हे बघायला एक दिवसाआड. मग नळ्यांची तपासणी, म्हणजे गर्भाशयात औषध सोडून काढलेला एक्स-रे, ज्यात कळ अशी येते की टेबलाची कड घट्ट धरावी लागते. तरीही काही सापडलं नाही तर दुर्बीण, पूर्ण भूल देऊन, बेंबीपाशी छेद घेऊन. टीबीची शंका आली तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडाही तपासायला जातो.

एवढं सगळं उरकल्यावर डॉक्टर म्हणतात, यजमानांचीही एक तपासणी करून घेऊ या.

हा क्रम उलटा आहे. मला आज एवढंच सांगायचं आहे आणि ते मोठ्याने सांगायचं आहे. पहिली तपासणी त्याची. तिच्या रक्ताच्या चाचण्या सोबतीने होऊ देत, साधी सोनोग्राफीही होऊ दे. पण त्याचा रिपोर्ट टेबलावर आल्याशिवाय तिच्या नळ्यांना हात लावू नका आणि दुर्बिणीची तारीख देऊ नका.

मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडच्या कारणाचा वाटा असतो. काही जोडप्यांत तेच एकमेव कारण असतं, काहींत दोघांकडे थोडं थोडं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की जगात साधारण सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. त्यांनी 'माणसाला' म्हटलं आहे. आपल्याकडे मात्र ती फक्त बाईला येते असं समजून सगळा कारभार चालतो.

आणि त्याची तपासणी असते तरी काय? दोन ते सात दिवस संबंध टाळायचा, लॅबमध्ये जायचं, एका खोलीत दार लावून डबीत नमुना द्यायचा. सुई नाही, भूल नाही, छेद नाही. खर्च काही शे रुपये. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणूंची संख्या, त्यांची हालचाल आणि आकार बघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत संख्येची खालची रेषा आहे एका मिलिलिटरमध्ये एक कोटी साठ लाख. आकाराच्या रकान्यात ४ टक्के नीट असले तरी पुरतात, हे मुद्दाम सांगते, कारण '४ टक्के' वाचून अनेकांचे हातपाय गळतात. रेषेखाली आलेल्यांनाही मुलं होतात आणि वर असलेल्यांनाही कधी कधी होत नाहीत. एका रिपोर्टवर निकालही लागत नाही. शुक्राणू तयार व्हायला सत्तर दिवसांच्या वर लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी येऊन गेलेला कडक ताप आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो. रिपोर्ट कमी आला तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करायचा. एवढंच.

एवढ्याशा गोष्टीला नवरे वर्ष वर्ष टाळतात. "मला काय झालंय? मी धडधाकट आहे." "आमच्या घराण्यात असं कुणालाच नव्हतं." "आधी तुझं सगळं होऊ दे, मग माझं बघू." मर्दपणा आणि शुक्राणूंची संख्या ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, हे कुणी त्यांना शाळेत शिकवलं नाही आणि घरात तर नाहीच नाही. संबंध उत्तम असलेल्या, पिळदार शरीराच्या माणसाच्या नमुन्यात एकही शुक्राणू नसू शकतो. त्याला ते जाणवत नाही, दिसत नाही, दुखत नाही. म्हणूनच तर तपासायचं असतं.

कऱ्हाडच्या एका लॅबमध्ये माझी शुगर तपासायला बसले होते, तेव्हा पाहिलेलं सांगते. पंचविशीची एक मुलगी आत आली. पदराखाली काहीतरी घट्ट छातीशी धरलेलं. काउंटरवर येऊन तिने हळूच डबी काढून ठेवली. घरून नमुना आणायचा तर तो तासाभरात पोचवावा लागतो आणि थंड होऊ द्यायचा नसतो, म्हणून अंगाशी धरून आणायला सांगतात. तिने ते तंतोतंत केलं होतं.

"कधी घेतलंय?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"साडेनवाला."

"किती दिवसांनी?"

मुलीला कळेना. ती बाहेर गेली. काचेतून दिसत होतं, रस्त्याच्या पलीकडे मोटरसायकलवर एक जण बसला होता, हातात मोबाइल. तिने विचारलं, त्याने मान न वळवता उत्तर दिलं. ती परत आली.

"चार दिवस."

"नाव?"

तिने स्वतःचं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, "अगं ताई, तुझं नाही. रिपोर्ट त्यांचा आहे, नाव त्यांचं लागतं."

मुलगी दाराकडे बघून खालच्या आवाजात म्हणाली, "माझंच लिवा की. त्यांचं नगं."

बाईंनी नाही ऐकलं. नियम नियमच होता आणि तो बरोबर होता. शेवटी मुलीने पेन मागून घेतलं आणि नवऱ्याचं नाव तोंडाने न उच्चारता कागदावर लिहून दिलं. पैसेही तिनेच दिले. मोटरसायकल चालू झाल्याचा आवाज आला तशी ती धावत बाहेर गेली.

मी त्या नवऱ्याला वाईट माणूस म्हणत नाही. निदान डबी तरी त्याने दिली. पण काचेच्या दारातून आत यायची लाज त्याला वाटली आणि ती लाज बायकोने पदराखाली वाहून आणली. आपल्या वंध्यत्वाच्या उपचारांची सगळी घडण अशीच आहे.

टेस्ट ट्यूब बेबीची गोष्ट सुरू झाली तेव्हा कारण खरोखरच स्त्रीच्या शरीरात होतं. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये ओल्डहॅमच्या रुग्णालयात लुईस ब्राऊन जन्मली. तिच्या आईच्या, लेस्ली ब्राऊन यांच्या, दोन्ही नळ्या बंद होत्या. बीज आणि शुक्राणू यांची गाठ शरीरात पडत नव्हती, ती रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांनी प्रयोगशाळेत घालून दिली. आपल्याकडे ६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या केईएममध्ये, म्हणजे मुंबई महापालिकेच्या रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. महापालिकेच्या दवाखान्यात हे घडलं याचा मला आजही अभिमान वाटतो.

मग १९९२ साल आलं. ब्रसेल्समध्ये जानपिएरो पालेर्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच शुक्राणू बारीक काचेच्या सुईत घेऊन थेट बीजात सोडला आणि त्यातून मुलं जन्मली. हेच ते इक्सी. जिथे कोट्यवधी लागत होते तिथे आता एका बीजाला एक शुक्राणू पुरू लागला. ज्या पुरुषांना आधी 'तुम्हाला मूल होणार नाही' असं सांगून परत पाठवत, ते बाप झाले. फार मोठा शोध आहे हा आणि त्याने हजारो घरांत पाळणा हलवला आहे.

पण ह्या शोधाची एक बाजू कुणी जोडप्यासमोर मांडत नाही. कमतरता त्याच्याकडे, उपचार तिच्यावर. त्याच्या शुक्राणूंची संख्या कमी, म्हणून पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आठ-दहा-बारा दिवस इंजेक्शनं तिच्या पोटात. एरवी महिन्याला एक बीज पिकतं, इथे आठ-दहा पिकवायची असतात. ऑफिसला जाणारी मुलगी इंजेक्शनचं पेन बर्फाच्या पिशवीत घालून डब्याशेजारी ठेवते आणि वेळ झाली की बाथरूममध्ये जाऊन स्वतःच टोचून घेते. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. पोट फुगतं, पंजाबी ड्रेसची नाडी सैल करावी लागते, चिडचिड होते आणि 'हल्ली हिचा स्वभाव बदललाय' हेही तिलाच ऐकावं लागतं. शेवटचं इंजेक्शन ठरल्या मिनिटाला, रात्री साडेदहा तर साडेदहाच, कारण त्यानंतर पस्तीस-छत्तीस तासांनी बीजं काढायची असतात. मग भूल आणि योनीमार्गातून बीजकोशापर्यंत सुई. काही जणींच्या पोटात पाणी साचतं, दम लागतो, दवाखान्यात भरती व्हावं लागतं. गर्भ गर्भाशयात सोडल्यावर प्रोजेस्टेरॉनची तेलकट इंजेक्शनं कमरेत, ज्यांच्या गाठी होतात आणि कुशीवर झोपता येत नाही. चौदा दिवसांनी गर्भ राहिला का हे बघायला रक्ताची बीटा तपासणी. ती निगेटिव्ह आली तर हे सगळं पुन्हा.

त्याने त्या दिवशी डबी दिलेली असते.

हे शरीराचं गणित आहे, ते बदलता येत नाही, मला मान्य आहे. गर्भ तिच्या पोटातच वाढणार. पण म्हणूनच विचारते, ह्या वाटेला लावण्याआधी त्याच्याकडे जे बरं करता येण्यासारखं होतं ते बघितलं का? ज्याच्या कारणासाठी ती एवढं सोसते, त्याने आधी वर्षभर तपासणी का टाळली? ती भूल घेऊन टेबलावर असते तेव्हा बाहेर बसलेल्या मंडळींना कारण काय ते ठाऊक असतं का?

बहुतेक ठिकाणी नसतं. बायका खोटं बोलतात. माझ्या परिचयातल्या एकीने सासरी, माहेरी, शेजारी, सगळ्यांना सांगितलं की माझ्या बीजांत दोष आहे. तिच्यात काहीच नव्हतं. नवऱ्याच्या नमुन्यात शून्य आलं होतं, वृषणातूनही काही मिळालं नव्हतं, त्यांनी दात्याचे शुक्राणू वापरले. कायद्याप्रमाणे ते मूल पूर्णपणे त्या दोघांचंच. त्यांचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि लपवायचं ठरवलं तर तो त्यांचा हक्कही होता. पण 'काहीच सांगायचं नाही' असं ठरलं नाही. ठरलं ते असं की दोष तिने आपल्या नावावर घ्यायचा. आज बाळाला मांडीवर घेताना सासू तिला म्हणते, "बघ, देवाने तुझंही ऐकलं." ती मान हलवते.

आता वयाबद्दल, कारण ह्या उशिराची खरी किंमत तिथे मोजली जाते. ब्रिटनमध्ये ह्या उपचारांवर देखरेख करणारी सरकारी संस्था आहे आणि ती आकडे उघडपणे छापते. स्वतःची बीजं वापरणाऱ्या पस्तिशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयात ठेवलेल्या दर तीन गर्भांमागे साधारण एक मूल जन्माला येतं. त्रेचाळीस-चव्वेचाळिशीत हेच प्रमाण शंभरात चार-पाचवर येतं. पुरुषाचंही वय होतं, पण त्याचा उतार सावकाश असतो. तेव्हा बत्तिसाव्या वर्षी दवाखान्याची पायरी चढलेल्या मुलीचा नवरा 'माझं नंतर बघू' म्हणत तीन वर्षं काढतो, ती तीन वर्षं तिच्या खात्यातून जातात. डॉक्टरही म्हणूनच सांगतात की बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर वर्षभर वाट बघू नका, सहा महिन्यांत या. त्या सहा महिन्यांत डबीला लागतो एक दिवस.

वेळेवर तपासलं तर हाती काय लागतं तेही ऐका. वृषणाच्या शिरा फुगलेल्या असतील तर काही जणांत शस्त्रक्रियेने फरक पडतो. मार्ग तुंबलेला असेल तर आत शुक्राणू असतात, ते काढता येतात, कधी मार्गही मोकळा करता येतो. मेंदूकडून येणारे संप्रेरक कमी पडत असतील तर काही महिने इंजेक्शनं घेऊन शुक्राणू तयार होऊ लागतात, आणि ह्या उपचारात सुया त्याला टोचून घ्याव्या लागतात. वयात आल्यानंतर गालगुंड होऊन वृषणं सुजली होती का, मधुमेह आहे का, रोज भट्टीसमोर उभं राहायचं काम आहे का, तंबाखू किती, दारू किती, वजन किती, हे सगळं विचारायचं असतं. कधी ह्याच तपासणीत वृषणाचा कर्करोग किंवा गुणसूत्रांतला फरक पहिल्यांदा लक्षात येतो. म्हणजे ही तपासणी त्याच्या स्वतःच्या जिवासाठीही आहे.

एका गोष्टीवर मला जास्त बोलायचं आहे, कारण ती आज तालुक्या-तालुक्याला पोचली आहे. जिममध्ये अंग लवकर भरावं म्हणून टेस्टोस्टेरॉनची आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं सर्रास मिळतात. ट्रेनर देतो, त्याच्या मित्राचं मेडिकल असतं. बाहेरून हे औषध मिळू लागलं की मेंदूला वाटतं शरीरात भरपूर आहे, तो वृषणांना कामाचा निरोप पाठवणं थांबवतो आणि शुक्राणू तयार होणं मंदावतं, काहींत पूर्ण बंद पडतं. औषध थांबवल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण महिने लागतात, कधी वर्ष. दंड फुगलेला असतो आणि रिपोर्टमध्ये शून्य. त्याहून वाईट म्हणजे, मूल होत नाही म्हणून गेलेल्या माणसालाच कुणी 'ताकद येईल' म्हणून टेस्टोस्टेरॉन टोचतं आणि होतं तेही घालवतं. एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि लोकलच्या डब्यांत चिकटवलेल्या 'मर्दानी कमजोरी'च्या कागदांवर ज्यांचे नंबर असतात, त्यांनी आजवर किती घरांची वर्षं खाल्ली असतील. नवरा लपूनछपून त्या नंबरला फोन करतो, हजारो रुपयांच्या पुड्या आणतो, पण सरळ लॅबमध्ये जात नाही.

दवाखान्यांकडेही बोट दाखवायलाच हवं. कित्येक केंद्रांत फाइल बायकोच्या नावाची असते आणि नवऱ्याचा रिपोर्ट मागे कुठेतरी टाचलेला. पुरुषाची शारीरिक तपासणी, म्हणजे त्याला टेबलावर झोपवून हाताने वृषणं तपासणं, कित्येक ठिकाणी होतच नाही. संख्या कमी दिसली की थेट इक्सी सुचवतात. उपचाराच्या एका चक्राला दीड-दोन लाखांच्या पुढे जातात आणि त्यात एखाद्या मूत्ररोगतज्ज्ञाला चिठ्ठी लिहायला कुणाला वेळ नसतो. सगळे डॉक्टर असे नाहीत. 'आधी यजमानांना घेऊन या, मग बोलू' असं म्हणून सुनेला तपासल्याशिवाय परत पाठवणाऱ्या डॉक्टरीणबाई मला माहीत आहेत, आणि त्या सुनेच्या सासूने रागाने दवाखाना बदललेलाही माहीत आहे.

२०२१ चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात वयाची मर्यादा घातली आहे, स्त्रीला एकवीस ते पन्नास, पुरुषाला एकवीस ते पंचावन्न. उपचाराआधी जोडप्याला यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च, धोके, जुळी-तिळी होण्याची शक्यता हे सगळं समजावून सांगणं केंद्रावर बंधनकारक आहे. समजावणं म्हणजे वीस पानी संमतिपत्रावर फुल्या मारून 'इथे इथे सह्या करा' म्हणणं नव्हे. माझी मागणी अशी की त्या समजावण्यात एक वाक्य सक्तीचं करा: ह्या जोडप्यात कारण कुणाकडे सापडलं आणि त्यावर त्या व्यक्तीचे काय उपचार करून पाहिले. मराठीत, दोघांच्या समोर, दोघांच्या सहीने. आणि केस पेपरवर पहिल्या दिवसापासून दोन नावं.

पैशाबद्दल थोडक्यात. आरोग्य विम्याच्या कागदात वगळलेल्या गोष्टींची प्रमाणित यादी असते, तिच्यातला सतरावा क्रमांक वंध्यत्वाचा. बहुतेक पॉलिसी तिथेच हात वर करतात. गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, सुरू झालं, त्याचं स्वागत. ज्या महाराष्ट्रात महापालिकेच्या रुग्णालयाने १९८६ मध्ये देशाला वाट दाखवली, तिथल्या गरीब बाईला आजही दागिने मोडून खासगी केंद्रात जावं लागू नये, एवढी अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे. पण मोफत आयव्हीएफच्याही आधी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात नीट शिकलेल्या तंत्रज्ञाच्या हाताखाली वीर्यतपासणी व्हायला हवी. तिला ना मोठी यंत्रं लागतात ना कोट्यवधींचा निधी. चांगला सूक्ष्मदर्शक, प्रशिक्षित माणूस आणि दाराला कडी असलेली एक खोली. कडी हवीच. जिन्याखालच्या संडासात डबी घेऊन पाठवलं की पुढच्या वेळी माणूस येत नाही.

घराकडे वळते. अपत्यप्राप्तीसाठी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करतात. तीन दिवसांचा विधी, जोडप्याने मिळून बसायचं. श्रद्धेवर मी बोलत नाही, ती ज्याची त्याची. पण त्यासाठी हाच नवरा तीन दिवसांची रजा टाकतो, सोवळं नेसतो, गुरुजी सांगतील तसं मुकाट्याने करतो आणि आई गावभर सांगते की पोरगा बसला होता. तिथे तो दोघांचा प्रश्न असतो. दवाखान्यात आल्यावरच तो एकटीचा कसा होतो? अजूनही अशी गावं आहेत जिथे पहिलीला मूल नाही म्हणून कायदा धाब्यावर बसवून दुसरी आणतात. दुसरीलाही दोन-तीन वर्षं काही होत नाही, तरी घरातल्या कुणाला साधी बेरीज जमत नाही. दोघी बायका एकमेकींकडे बघत राहतात. ओटी भरताना हात आखडतो तो दोघींसाठी.

हे बोलायचं नाही अशी आपली परंपरा म्हणावी, तर महाभारताने पांडूची अडचण झाकली नाही. मुलं त्याला का होणार नाहीत आणि कुंतीने मग काय केलं, हे कीर्तनांत, पारायणांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं गेलं. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि खटले अंगावर घेऊन स्त्री-पुरुषांच्या शरीराबद्दल मराठीत स्वच्छ लिहिलं. त्याच मराठीत आज एक पदवीधर नवरा लॅबच्या काउंटरवर 'वीर्यतपासणी' म्हणायला धजत नाही, बायकोला पुढे करतो. आणि त्याच्या आईला तो शब्द कुणी ऐकवलेलाच नसतो.

सासूबाई, तुमच्याशी बोलते, कारण दवाखान्यात जायचा पहिला निर्णय बहुतेक घरांत तुम्हीच घेता. सुनेसाठी तुम्ही मन लावून धावपळ करता, हे मला दिसतं. तारखा लक्षात ठेवता, डबा करून देता, रिक्षाने सोबत जाता. आता एकदा मुलाला हाक मारा. तुमच्या शब्दाला तो नाही म्हणणार नाही, बायकोच्या शब्दाला म्हणतो. त्याला सांगा, ह्यात कमीपणा नाही. सुनेचं रक्त तपासतात तशी ही तुझी तपासणी. जिमची इंजेक्शनं, भिंतीवरच्या पुड्या, काही घेतलं असेल तर लॅबला नाही तरी डॉक्टरला खरं सांग. तीन-चार दिवस थांबून सकाळी लॅबमध्ये स्वतः जा, नमुना तिथेच दे, आपलं नाव आपल्या तोंडाने सांग, पैसे आपल्या खिशातून भर.

रिपोर्ट कमी आला तर तीन महिन्यांनी दुसरा, आणि मधल्या काळात मूत्ररोगतज्ज्ञाकडे. तोवर तिची दुर्बीण थांबवा.